मला मामा म्हणायचं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. होस्टेलच्या खोलीतल्या दोघांना नाही, वर्गातल्या कुणाला नाही, आईला तर नाहीच. आईला का नाही ते पुढे येईल — मी टाळलं नाही तर. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मला तुमच्याकडून काही नको आहे. समजूत नको. 'लहान होतास रे' हे तर मुळीच नको. एकोणीस वर्षांचा होतो मी. त्या वयात माणसाला खोटं म्हणजे काय ते नीट कळतं.

कुठून सुरू करू? दोनदा कागद फाडला. पहिल्या वेळी मी स्वतःला फार चांगला दाखवलं होतं. दुसऱ्या वेळी इतका वाईट दाखवलं की तेही एक प्रकारचं चांगलंच वाटायला लागलं. आता नुसतं जे झालं ते लिहितो.

मी अकोट तालुक्यातल्या एका खेड्यातला. बाबा अकोटच्या जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलतात, आई शेतात मजुरीला जाते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला. अमरावतीला बी.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा बाबांना फॉर्मवरचा 'पालकाचा व्यवसाय' हा रकाना मीच वाचून दाखवला आणि मीच भरला. त्या वर्षी एका संस्थेनं कॉलेजात येऊन मुलं मागितली. त्यांचं एक केंद्र होतं, एका बंद पडलेल्या शाळेच्या दोन खोल्यांत. ज्या मुलांना वाचायला जमत नाही, नीट बोलता येत नाही, इतरांत मिसळता येत नाही, अशी बारा-चौदा मुलं शाळा सुटल्यावर तिथे यायची. आम्ही त्यांना शिकवायचं. मुलाखतीत केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी विचारलं, हेच काम का? मी म्हणालो, समाजासाठी काही करायचं आहे.

खरं उत्तर माझ्याजवळ होतं. ते मी तेव्हाही दिलं नाही. बघा, खोटं तिथपासूनच सुरू होतं.

पण केंद्रात मला पहिल्या दिवशी एका मुलानं 'सर' म्हटलं. ही गोष्ट तुम्हाला हसू आणेल. आणू द्या. आमच्या घरात मागच्या कुठल्याही माणसाला कुणी सर म्हटलेलं नाही. बाबांना मुकादम 'ए' म्हणतो, फार झालं तर 'ए गाठीवाल्या'. आणि मी — इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन — सर. मी तो शब्द घेऊन होस्टेलवर चालत गेलो. रिक्षा केली नाही, लवकर पोहोचू नये म्हणून.

मला तिथे काम जमायला लागलं. मुलांना शब्दाचे तुकडे पाडायला टाळ्या वाजवायच्या — पा-ऊ-स, तीन टाळ्या. अक्षरांचे पत्ते लावायचे. गोल बसून चेंडूचा खेळ: ज्याच्या हातात चेंडू त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग चेंडू पुढे. सोपा दिसतो. ज्या मुलाचं कुणी कधी ऐकलेलं नाही त्याच्यासाठी तो खेळ फार अवघड असतो.

माझ्यासोबत ऋतुजा होती, माझ्याच वर्गातली. तिचे वडील प्राध्यापक. ती बोलायची तेव्हा वाटायचं पुस्तकातून बोलते आहे. मी तिच्यासमोर एक वाक्य बोलण्याआधी मनात दोनदा म्हणून बघायचो. ती वाईट मुलगी नव्हती, हे लिहायला हवं. पण मला तिचा राग यायचा. तिला कशाचीच भीती नव्हती म्हणून.

आणि आचल.

आचल चौथीत होती. अंगानं बारीक, वेणी नेहमी एकच, दुसरी सुटलेली. तिला वाचता येत नव्हतं — अजिबात. पुस्तक हातात दिलं की आधी चित्र शोधायची आणि चित्रावरून धडाधड गोष्ट सांगायची, बोट ओळीवरून फिरवत. ज्याला माहीत नाही त्याला वाटावं, पोरगी वाचते आहे. चित्र हातानं झाकलं की गप्प. फार वेळ झाकलं की चावायची. खरंच. मला एकदा मनगटाला चावली. चेंडूच्या खेळात चेंडू आला की पोटाशी धरून बसायची. बोलायची नाही आणि पुढेही द्यायची नाही.

मला ती पोरगी आवडत नव्हती. हे सरळ लिहितो. मुलांना शिकवणाऱ्या माणसानं असं म्हणू नये, माहीत आहे मला. पण ती दारातून आत आली की मी दुसऱ्या मुलाच्या वहीत डोकं घालायचो. मी स्वतःला सांगायचो, ती चावते म्हणून. ती ऐकत नाही म्हणून.

ते नव्हतं. ती बोट कशी फिरवते ते मला ठाऊक होतं. ओळ संपल्यावर बोट खाली कधी आणायचं, म्हणजे समोरच्याला संशय येत नाही, हेही ठाऊक होतं. कारण सहावीपर्यंत मी तेच केलं होतं.

सहावीपर्यंत मला वाचता येत नव्हतं.

हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. अक्षरं ओळखू यायची, पण एकाजवळ एक आली की ती हलायची, ओळ खालच्या ओळीत घुसायची. कसं सांगू? म्हणून मी कानानं शिकलो. शेजारचा पोरगा मोठ्यानं वाचायचा, मी पाठ करायचो. माझी पाळी यायची तेव्हा धडा माझ्या तोंडात तयार असायचा. गुरुजी म्हणायचे, हुशार आहे, अक्षर तेवढं खराब आहे. परीक्षेत पाठ केलेलं ओकायचो. सहा वर्षं! तुम्हाला वाटतं मुलं भोळी असतात?

मग सहावीच्या सुट्टीत मावशीकडून अमरावतीहून एकटा निघालो. बसस्टँडवर दोन गाड्या शेजारी उभ्या — एक अकोट, एक अकोला. दोन्ही पाट्या सारख्याच सुरू होतात. आमच्या भागात ही चूक म्हाताऱ्या माणसांची असते, पिशवी घेऊन दहा जणांना विचारत फिरणाऱ्यांची. मी कुणाला विचारलं नाही. सहावीतल्या पोरानं पाटी विचारायची? बसलो. मुर्तिजापूरला कंडक्टरच्या ध्यानात आलं. त्यानं सगळ्या गाडीसमोर विचारलं, "पाटी वाचता येत नाई काय बे?" आणि मला स्टँडवर उतरवून दिलं. बाबा न्यायला आले. मी सांगितलं, गर्दी होती. बाबांनी मानलं.

आईनं मानलं नाही. आई तिसरी शिकलेली; एकेक अक्षर लावत, ओठ हलवत वाचते. तिनं घरात पडलेली एक लग्नपत्रिका माझ्यापुढे धरली — "वाच." मी धडाधड सुरू केलं. मंगल परिणयाच्या पत्रिका आमच्या वस्तीत सगळ्या सारख्याच असतात, मजकूर ऐकून पाठ झालेला. तिनं बोट ठेवलं. "पोरीचं नाव वाच." ते कसं पाठ असणार? मी पत्रिकेकडे बघत राहिलो. ती रागावली नाही. कुणाला सांगितलं नाही. तिनं त्या पत्रिकेच्या मधोमध ब्लेडनं एक लांब फट पाडली, एक ओळ मावेल एवढी, आणि ती माझ्या पुस्तकावर ठेवली. आता बाकीच्या ओळींना हलायला जागा नव्हती. रोज संध्याकाळी ती भाकरी थापत असताना मी तिच्याजवळ बसून एक पान वाचायचं. ती एकदाही 'चूक' म्हणाली नाही. म्हणायची, "अजूक पाय." अजून बघ. सातवीच्या दिवाळीपर्यंत मी वाचायला लागलो.

म्हणजे मला काय माहीत होतं ते तुम्हाला कळलं. आचलला काय होतंय ते त्या केंद्रात सर्वांत आधी मला कळलं होतं — मॅडमच्याही आधी. आणि एक साधा पुठ्ठा कापून तिच्या पुस्तकावर ठेवणं मला अशक्य नव्हतं. मी ठेवला नाही. ठेवला असता तर मॅडम म्हणाल्या असत्या, हे कुठे शिकलात? एवढ्यासाठी. एवढ्याच प्रश्नासाठी मी ते एका दहा वर्षांच्या मुलीपासून लपवून ठेवलं.

याहून वाईट पुढे आहे.

आचलची आई संगीताताई. तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिनं गाव विचारलं, आणि मी सांगितल्यावर तिचा चेहराच फुलला. तिचं माहेर माझंच गाव निघालं — त्याच वस्तीतलं, विहाराच्या मागचं तिसरं घर. लग्न होऊन अमरावतीत आलेली, नवरा गवंडीकाम करणारा. आता आमच्याकडे रीत अशी की माहेरच्या गावचा पुरुष, मग तो कुणाचाही असो, बाईला भाऊ. वयानं दहा वर्षांनी लहान असला तरी भाऊ. आणि तिच्या लेकरांना मामा. तिनं तिथल्या तिथे आचलला पुढे ढकललं. "पाय पडजो. मामा हाये हा तुहा."

पोरं ऐकत होती. त्या दिवसापासून चौदा मुलांत तेरा मला सर म्हणायची आणि एक मामा. "मामा, पाणी." "मामा, हा मले मारते." मुलं खिदळायची — "सर मामा झाले रे! आम्हाले बी मामा म्हनू द्या ना सर!" ऋतुजा तोंड फिरवून हसली. मी आचलला बाजूला घेऊन सांगितलं, इथे मला मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडली, "मामा!" इतर कुणाशी ती धड बोलत नव्हती, हे ध्यानात घ्या. चेंडूच्या खेळात आठ आठवडे तोंड न उघडलेल्या मुलीनं स्वतःहून मोठ्यानं उच्चारलेला पहिला शब्द तो होता. नोंदवहीत मी तो प्रगती म्हणून लिहायला हवा होता. मी तिला खिडकीजवळ एकटीला बसवलं.

मग तिच्यासोबत बसणंच कमी केलं. रोज एका मुलाजवळ वीस मिनिटं एकट्यानं बसायचं असा नियम होता. तिच्या वाटची वीस मिनिटं दहा झाली, मग पाच. वहीत मी 'सराव घेतला' असं लिहायचो. ती खिडकीतून बाहेरच्या बकऱ्या बघायची आणि मध्येच माझ्याकडे बघून हसायची. मला मारावंसं वाटायचं. मारलं नाही. याचं श्रेय मला देऊ नका.

दिवाळीत संगीताताई माहेरी गेली आणि माझ्या आईला भेटली. मी केंद्रात शिकवतो हे तिनं कौतुकानं सांगितलं असेल. आणि मग आचलचं सांगताना रडली असेल — कारण घरी नवरा मागे लागला होता. पोरीला काही येत नाही, शाळेत बसवून काय उपयोग. तिवस्याला त्याच्या बहिणीचं तान्हं मूल होतं, ते सांभाळायला पाठवू. संगीताताई एकटी नाही म्हणत होती. माझ्या आईनं तिचं रडणं पाहिलं आणि सात वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते तिला सांगून टाकलं. सहावी, मुर्तिजापूर, पत्रिका — सगळं. कशासाठी? एका बाईला धीर यावा म्हणून. माझ्या आईकडे देण्यासारखं दुसरं काय होतं?

दिवाळीनंतरच्या शनिवारी पालकांची बैठक होती.

खुर्च्या गोल मांडलेल्या. मॅडम, ऋतुजा, मी, आणि पाच-सहा पालक. आचलचे वडील कामावरून तसेच आले होते, पायांवर वाळलेलं सिमेंट. संगीताताई नवी साडी नेसून आली होती — ते मला तेव्हाच खटकलं. आचल तिच्या खुर्चीला धरून मागे उभी. मॅडमनी वही उघडली आणि सांगितलं की आचलला वेळ लागेल. दोन वर्षंही लागतील. पण घाई करू नका, शाळा सोडवू नका.

वडील म्हणाले, "दोन वर्स? मॅडम, चौथीत हाये थे. तिले सोताचं नाव वाचता येत नाई. डोस्क्यातच नसन तं कुठून येईन?"

"डोस्क्याचं काई नाई," संगीताताई म्हणाली. आणि माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला आनंदच म्हणावं लागेल. हुकमाचा पत्ता हातात असलेल्या माणसाचा आनंद. "भाऊ, तुमी सांगा यायले. तुमाले बी सहावीपर्यंत नव्हतं येत ना वाचता? काकूनं सांगतलं मले दिवाईत. कसे तुमी अकोल्याच्या गाडीत बसले, कसं मंग काकूनं शिकोलं. आन आज पाहा, मास्तर झाले! आचल तुमच्यावानीच हाये. सांगा बरं एक डाव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ऋतुजानं मान वळवली. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हो का? हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

त्यांचा आवाज मी नंतर कितीतरी वेळा आठवून पाहिला आहे. त्यात कमीपणा नव्हता. कुतूहल होतं, कदाचित आदरही. पण त्या क्षणी मला ऐकू आलं ते मुर्तिजापूरच्या कंडक्टरचं. नाही — हे खोडतो. ही सबब आहे. मला मॅडमच ऐकू आल्या होत्या, स्पष्ट. मला काय विचारलंय ते मला कळलं होतं. 'हो' म्हटलं तर काय होईल आणि 'नाही' म्हटलं तर काय, तेही.

मी म्हणालो, "नाही मॅडम. ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय. मला पहिलीपासून वाचता येतं."

"पन काकू तं म्हने—"

"आईचं काय घेऊन बसलात. अडाणी आहे ती. कुणाची गोष्ट कुणाला जोडते."

असं म्हणालो. अगदी शुद्ध, सावकाश, एकही शब्द न अडखळता. इतकं चांगलं मराठी मी त्या केंद्रात त्याआधी बोललो नव्हतो.

आचलचे वडील हसले. वाईट हसले नाहीत, सुटल्यासारखे. "पाय. म्या म्हनलं होतं का नाई? लोकं समजूत काढाले सांगतेत काई बी."  संगीताताईनं साडीचा पदर सारखा केला. तो सारखाच होता. आणि आचलनं माझ्याकडे पाहिलं — पुस्तकाकडे बघायची तसंच, चित्र कुठे आहे ते शोधत.

बैठक संपल्यावर खुर्च्या उचलताना ऋतुजा म्हणाली, "काय काय रचून सांगतात ना ही माणसं." मी हसलो. ही माणसं म्हणजे माझी आई. मी हसलो, आणि दोन खुर्च्या एकदम उचलून आत नेल्या.

त्यानंतर आचल महिनाभर आली. कुणी न सांगता मला काहीच म्हणेनाशी झाली. चेंडू आला की लगेच पुढे द्यायची. मॅडम म्हणाल्या, वागणुकीत सुधारणा आहे. मग एका सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. तिवस्याला गेली, शेजारच्या एका मुलानं सांगितलं. आत्याकडे. आता तिथंच राहणार.

तिवसा अमरावतीहून फार लांब नाही. नागपूरकडे जाणारी कुठलीही गाडी. मी तिथे जाऊ शकत होतो. किंवा इथेच आचलच्या वडिलांना भेटून सांगू शकत होतो की मी खोटं बोललो, मला खरंच येत नव्हतं, तुमची पोरगी शिकेल. एका वाक्याचं काम होतं. तेव्हा ती जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ते वाक्य तेव्हा चाललं असतं. मी गेलो नाही. परीक्षा होती, असं मी स्वतःला सांगितलं. परीक्षा होती हे खरंही आहे. खरं असलेलं कारण किती उपयोगी पडतं, नाही?

आता आईचं.

डिसेंबरात आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "संगीता आली होती मायेराले."  मी म्हणालो, मग? "काई नाई. म्हने भाऊ तं नाई म्हने असं काई झालं म्हनून. म्या म्हनलं, असन बाई. माह्याच ध्यानात घोय झाला असन. दुसऱ्या कोनाचं पोरगं असन थे." पुढे म्हणाली, "तिची माफी मागतली म्या. उगाच आस लावली तिले."  मग म्हणाली, "जेवला काय तू?"

मी म्हणालो, जेवलो.

मी सुरुवातीला लिहिलं की आईला सांगितलेलं नाही. तिला सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. ती तेव्हाच सगळं समजली आणि माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेऊन एका रडणाऱ्या बाईसमोर खोटारडी झाली. वस्तीत आता संगीताताईचं माहेर आईशी धड बोलत नाही. आई त्याबद्दल एक शब्द काढत नाही. मी घरी गेलो की ती माझ्यासमोर वाचायचं टाळते — लाइटचं बिलसुद्धा बाबांच्या हाती देते. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून असेल. किंवा तिला माझी लाज वाटत असेल. मी विचारलेलं नाही.

तुम्हाला आता वाटत असेल, हेच ते. झालं. नाही. एक राहिलं आहे, आणि ते मी लिहायचं टाळतोय म्हणून कागद इतका लांबला.

वर्ष संपताना संस्थेला प्रत्येक मुलाचा अहवाल जायचा. जी मुलं मध्येच सोडून गेली त्यांचा वेगळा फॉर्म, एका पानाचा. आचल माझ्याकडे होती, म्हणून तिचा फॉर्म मी भरायचा. नाव, वय, इयत्ता, वाचनाची पातळी. वाचनाच्या पातळीपुढे मी 'अक्षर' लिहिलं, म्हणजे सुटी अक्षरं ओळखते; तेही खरं नव्हतं, पण ते सोडा. खाली एक रकाना होता: केंद्र सोडण्याचे कारण. तीन ओळींची जागा. मॅडम त्या दिवशी बाहेर गेल्या होत्या, ऋतुजा दुसऱ्या खोलीत होती. मला कुणी बघत नव्हतं, कुणी विचारत नव्हतं, लाजायला समोर कुणीच नव्हतं. भर दुपार होती. मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो, म्हणजे विचार करायला वेळ मिळाला नाही असंही नाही.

मी लिहिलं: 'पालकांची उदासीनता.'

हे मी संगीताताईबद्दल लिहिलं. नवऱ्याशी एकटी भांडणाऱ्या, पोरीला रोज हात धरून केंद्रात आणणाऱ्या, बैठकीला नवी साडी नेसून आलेल्या बाईबद्दल. खाली सही केली, तारीख घातली. फॉर्म पुढे गेला. मॅडमनी त्यावर काही विचारलं नाही, कारण असे फॉर्म बहुतेक त्याच कारणाचे असतात.

मी अजून त्या केंद्रात शिकवतो. तो फॉर्म तिथल्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात आहे. कपाटाला कुलूप नसतं. मी ते वाक्य खोडलेलं नाही.